तारावाचे चार सेंट

बेटांवरच्या प्लास्टिकबद्दल लिहिताना बहुतेक वेळा किनारा-सफाईचे फोटो दाखवले जातात. हातमोजे घातलेली मुलं, काळ्या पिशव्या, मागे निळं पाणी. पुढच्या भरतीला तोच किनारा पुन्हा भरतो. म्हणून या अभ्यासासाठी मी असं ठिकाण निवडलं, जिथे सफाई मोहिमेपेक्षा एका छोट्या कायद्याने आणि चार सेंटांनी जास्त काम केलं. देशाचं नाव किरिबास, शहर दक्षिण तारावा आणि योजनेचं नाव 'काओकी मांगे', म्हणजे 'कचरा परत करा'.

जागा कशी आहे

प्रशांत महासागराच्या मधोमध, विषुववृत्ताच्या आजूबाजूला किरिबासची 33 बेटं विखुरलेली आहेत. सगळी मिळून जमीन 811 चौरस किलोमीटर, आणि ती लाखो चौरस किलोमीटर समुद्रात शिंपडलेली. देशाची निम्मी वस्ती मात्र दक्षिण तारावा नावाच्या एका चिंचोळ्या पट्टीवर आहे. पश्चिमेला बेसिओ बंदर, पूर्वेला बोनरिकीचा विमानतळ आणि दोहोंना जोडणारा एकच मुख्य रस्ता. एका हाताला खुला समुद्र, दुसऱ्या हाताला प्रवाळाच्या कड्यांनी अडवलेलं आतलं शांत पाणी. साधारण 16 चौरस किलोमीटरवर 60 हजारांहून अधिक माणसं राहतात. समुद्रसपाटीपासून उंची बहुतेक ठिकाणी तीन मीटरच्या आतच.

कचऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते नीट पाहायला हवं. आपल्याकडे गावाबाहेर, डोंगराआड, नदीपलीकडे कुठेतरी कचरा नेऊन टाकता येतो, तशी जागाच इथे नाही. जमिनीखाली प्रवाळाच्या थरात पावसाचं गोडं पाणी साचतं. तो थर पातळ आहे आणि विहिरी त्यावरच चालतात. घरामागे टाकलेली गाडीची बॅटरी म्हणजे पिण्याच्या पाण्याशेजारी ठेवलेलं शिसं. 2000 नंतरच्या दशकात आशियाई विकास बँकेच्या मदतीने तीन कचराभूमी तयार झाल्या: बिकेनिबेऊ, नानिकाई आणि बेसिओ. तिन्ही आतल्या पाण्याच्या काठावर आहेत. बेसिओची कचराभूमी ज्या किनाऱ्यावर आहे, त्याला अजून 'रेड बीच' म्हणतात. नोव्हेंबर 1943 मधल्या तारावाच्या लढाईत अमेरिकी सैन्य जिथे उतरलं, त्या पट्ट्याचं ते सांकेतिक नाव. आज तिथे शहराचा कचरा आहे.

दोन-तीन पिढ्यांपूर्वी कचरा हा प्रश्नच नव्हता. नारळाच्या झावळ्या, केवड्याच्या पानांच्या चटया, माशांचे काटे हे सगळं जमिनीत किंवा समुद्रात जिरून जायचं. बाबाई नावाचं दलदलीतलं अळूसारखं कंद तिथे खोल खड्ड्यात, थेट गोड्या पाण्याच्या पातळीवर लावतात, आणि त्याच्या बुंध्याभोवती पानांची टोपली विणून तिच्यात पालापाचोळा भरत राहतात. वाळूत अन्न पिकवण्याची ही पिढीजात रीत म्हणजे घरगुती कंपोस्टच. ओल्या कचऱ्याचं काय करायचं हे तारावाच्या माणसाला बाहेरून येऊन कोणी शिकवायची गरज नव्हती. शिकायचं होतं ते बंदरातून आलेल्या वस्तूंचं: शीतपेयाचे कॅन, बिअरचे कॅन, पाण्याच्या पेट, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या, बॅटऱ्या.

आधी वर्गीकरण, मग कायदा

साउथ पॅसिफिकमध्ये काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेच्या किरिबास शाखेने 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत घरोघरच्या कचऱ्याकडे नीट पाहिलं. वजनाने सर्वात मोठा वाटा ओल्या कचऱ्याचा आणि पालापाचोळ्याचा. अंगण झाडण्याची सवय घट्ट असल्यामुळे त्यात वाळूही भरपूर. हा सगळा भाग घरच्या अंगणातच जिरवता येण्यासारखा होता. त्यासाठी गोल खड्डा खणायचा, त्यात ओला कचरा टाकायचा आणि कडेने केळी, पपई लावायच्या, ही पद्धत पुढे आणली. बाबाईच्या खड्ड्याशी नातं सांगणारी असल्याने ती लोकांना परकी वाटली नाही.

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. ओला कचरा पिशवीतून काढला की उरलेला सुका कचरा थोडा आणि कोरडा राहतो. मग त्यातला कॅन आणि बाटली वेगळी काढायला कोणाला किळस वाटत नाही. आपल्याकडे कित्येक नगरपालिका सुक्या कचऱ्याची यंत्रं आधी घेतात आणि ओल्या कचऱ्याचा विचार नंतर करतात. मग यंत्राशी उभ्या असलेल्या बाईला दिवसभर सडकं अन्न निवडावं लागतं.

कॅन आणि बाटल्यांसाठी तारावात कायदा आला. 2004 च्या या कायद्याने एक वेगळा निधी उभा केला. आयात होणाऱ्या पेयाच्या प्रत्येक अॅल्युमिनियम कॅनवर आणि पेट बाटलीवर 5 सेंट अनामत (चलन ऑस्ट्रेलियन डॉलर), गाडीच्या बॅटरीवर 5 डॉलर. रिकामा कॅन वा बाटली परत आणणाऱ्याला 4 सेंट. मधला एक सेंट संकलन केंद्र चालवणाऱ्याचा.

पैसा गोळा होतो बंदरातच, सीमाशुल्काच्या कारकुनासमोर, आणि ही मांडणी सगळ्यात शहाणपणाची आहे. आयातदार खोकी सोडवून घेतानाच अनामत भरतो आणि ती मालाच्या किमतीत धरतो. 24 कॅनच्या खोक्यावर 1 डॉलर 20 सेंट. दुकानदाराला वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही, निरीक्षकांची फौज लागत नाही. बेटाला येण्याजाण्याची वाट एकच असल्यामुळे आत येणारा माल नजरेतून सुटत नाही. एरवी बेटाची हीच अडचण मानली जाते. शिवाय गोळा झालेली रक्कम सरकारच्या मोठ्या तिजोरीत मिसळत नाही, कायद्यानेच ती या कामापुरती बांधलेली आहे. जे कॅन परत येत नाहीत त्यांचे पैसे निधीतच राहतात.

खिडकीपाशी

बेसिओला बंदराजवळ माल गोळा करून दाबण्याचं केंद्र उभं राहिलं आणि ते चालवायला खासगी ठेकेदाराला दिलं. लोक तांदळाच्या रिकाम्या गोण्यांतून कॅन आणतात. केंद्राच्या खिडकीपाशी मोजणी होते आणि तिथल्या तिथे रोख रक्कम हातात पडते. 25 कॅनला एक डॉलर. जुनी बॅटरी आणली तर पाच डॉलर, म्हणजे 125 कॅनच्या बरोबरीने. बॅटरी गाडीतून निघाली की घरामागे पडून राहायची. आता तिला मालक मिळाला.

दाबयंत्रात कॅन चेपून त्यांचे चौकोनी गठ्ठे बांधले जातात. गठ्ठा करणं ही शोभेची गोष्ट नाही. न चेपलेला कॅन म्हणजे बहुतांशी हवा असते, आणि कंटेनरमधून हवा पाठवायला भाडं तेवढंच लागतं. एक किलो अॅल्युमिनियमला साधारण 70 कॅन लागतात. दाबलेला कंटेनर भरला की त्यातल्या धातूला बाहेरच्या बाजारात चांगला भाव येतो आणि जहाजाचं भाडं निघून हाती काही उरतं.

कॅन गोळा कोण करतं? मुलं, बेरोजगार तरुण, म्हातारी माणसं. आठवड्याच्या पगारावर नसलेल्या माणसाला चार सेंट मोठे असतात. ज्याला उचलायला कमीपणा वाटतो तो कॅन टाकतो, ज्याला पैशाची गरज आहे तो उचलतो. दोघांच्या वागण्यात काही बदल न करता रस्ता साफ होतो. योजना सुरू झाल्यावर रस्त्याकडेचे आणि किनाऱ्यावरचे पेयांचे कॅन झपाट्याने दिसेनासे झाले.

लोकसहभाग म्हणजे काय, याचं उत्तर मला या खिडकीपाशी मिळतं. तारावात गावाचे निर्णय 'मानेआबा' या मोठ्या सभागृहात बसून होतात, चर्चच्या मंडळांना मान आहे, आणि ही योजनाही त्या वाटांनीच घरोघर पोहोचू शकते. पण त्या सभेनंतर घरी गेलेल्या माणसाच्या हाती काय पडतं, यावर सगळं टिकतं किंवा बुडतं. सभा एकदाच होते, कॅन रोज रिकामा होतो.

हिरवी पिशवी

कॅन, बाटल्या आणि ओला कचरा वेगळा झाला, तरी काही उरतंच: डायपर, नूडल्सची वेष्टणं, टिनचे डबे, तुटकी खेळणी. त्यासाठी दुकानातून हिरवी पिशवी विकत घ्यायची. किंमत 20 सेंट. या पिशवीच्या किमतीतच ती उचलून नेण्याचं शुल्क आलं. ठेकेदाराची गाडी ठरलेल्या दिवशी रस्त्यावरून हिरव्या पिशव्या उचलते. न्यूझीलंडच्या मदतीने चाललेल्या शहरविकास कार्यक्रमात ही व्यवस्था पक्क्या पायावर आली.

आता हे आकडे शेजारी ठेवा. पाच कॅन परत केले की 20 सेंट, आणि तेवढ्यात एक हिरवी पिशवी. घरातल्या मुलाने पाच कॅन नेऊन दिले की आठवड्याच्या कचऱ्याचं शुल्क फिटलं. हा मेळ मुद्दाम बसवला की आपोआप बसला, त्याला फारसं महत्त्व नाही. गरीब घरातली बाई कर न भरताही कचऱ्याचे पैसे भरू शकते, हे महत्त्वाचं. आणि जितकं जास्त वेगळं काढाल तितक्या पिशव्या कमी लागतात, हे तिला कोणी फलक लावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडची अनामत

महाराष्ट्राला हे नवं नाही. किराणा दुकानात काचेच्या बाटलीतलं शीतपेय घेताना रिकाम्या बाटलीची अनामत ठेवणारी पिढी अजून आहे. मुंबईत आरेच्या दूध केंद्रावर रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. पुढे मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटलीला परतावा ठरला: एक लिटर वा मोठ्या बाटलीला 1 रुपया, लहान बाटलीला 2 रुपये. कल्पना तारावासारखीच. पण कोपऱ्यावरच्या दुकानात रिकामी बाटली देऊन दोन रुपये घेतल्याचं सांगणारे फारसे भेटत नाहीत.

फरक कुठे पडला? तारावात पैसा आधी एका खात्यात जमा होतो आणि मग लोकांना मिळतो. आपल्याकडे असं खातं नव्हतं, परतावा कंपन्यांनी द्यावा असं ठरलं. बाटली दहा राज्यांतून ट्रकने येते, त्यामुळे बंदरासारखं एकच दार नव्हतं. आणि दुकानदाराने बाटली घेतलीच तर पुढे कोणी उचलून न्यायची, याचं उत्तर दुकानदाराजवळ नव्हतं.

दुसरा फरक आपल्या बाजूचा आहे. आपल्याकडे भंगारवाला आहे. पेट बाटलीला पुनर्वापराचा कारखाना ट्रकने गाठता येतो, म्हणून तिला कायद्याशिवायही भाव आहे आणि कचरावेचक ती उचलतात. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये संघटना बांधली, आणि त्यातून 2008 मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था शहराच्या दारोदार संकलनात आली. तारावात भंगाराचा बाजार नव्हता, कारण सर्वात जवळचा कारखानाही हजारो किलोमीटर समुद्रापलीकडे होता. चार सेंटांनी तिथे कायद्याच्या जोरावर भंगारवाला निर्माण केला. गोव्याने 2024 मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आहे. तिची कसोटी लागेल ती या जागी: परतावा देणारी खिडकी आजच्या भंगारवाल्याच्या दुकानात असेल, की त्याच्या हातातला माल काढून घेणाऱ्या नव्या यंत्रात?

प्लास्टिक मात्र हलकं पडतं

आतापर्यंतच्या हिशेबात कॅन आणि बॅटरी यांनी योजनेचा भार उचलला. पेट बाटलीचं तसं नाही. वजनाला हलकी, आकाराने मोठी, बाजारात भाव कमी, आणि तोही तेलाच्या किमतीबरोबर वरखाली होणारा. एक कंटेनर अॅल्युमिनियम पाठवला तर पैसे येतात. एक कंटेनर पेट पाठवला तर भाड्याला पुरेल की नाही याची शाश्वती नसते. बाटलीने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा धरली तर ती गोदामात पडून राहणार. तिचा खर्च परत न आलेल्या कॅनच्या अनामतीतून, म्हणजे निधीतूनच भागवावा लागतो. मला हे रास्त वाटतं. तारावाच्या किनाऱ्यावरून बाटली हलणं हाच तिचा मोबदला धरायला हवा.

बाहेरचा बाजारही आकसला. चीनने 2018 च्या सुरुवातीपासून परदेशी टाकाऊ प्लास्टिक घेणं बंद केलं. 1 जानेवारी 2021 पासून, घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियम घालणाऱ्या बासेल कराराखाली मिश्र आणि अस्वच्छ प्लास्टिक पाठवायला घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागते. शिशाच्या बॅटऱ्यांना ती आधीपासूनच लागत होती. हे नियम योग्य आहेत, कारण श्रीमंत देशांचा कचरा गरीब देशांत ढकलला जात होता. पण मूठभर कर्मचारी असलेल्या छोट्या देशाच्या पर्यावरण खात्याला प्रत्येक खेपेची कागदपत्रं करत बसावं लागतं, हेही तितकंच खरं.

भाड्याच्या बाजूने एक चांगली गोष्ट घडली. बेटांवर येणारे कंटेनर भरलेले येतात आणि बरेचसे रिकामे परत जातात. मार्च 2018 मध्ये प्रशांत महासागरी देशांच्या पर्यावरण संघटनेने स्वायर शिपिंग ही मालवाहू जहाजसेवा चालवणाऱ्या कंपनीशी 'मोआना टाका' नावाचा करार केला. परतीच्या रिकाम्या कंटेनरमधून पुनर्वापराचा माल मोफत नेण्याची सोय त्यातून झाली. पेटसारख्या कमी भावाच्या मालासाठी अशी सोय म्हणजे जाणं आणि न जाणं यातला फरक.

वेष्टणं आणि पातळ पिशव्या या सगळ्याबाहेरच राहिल्या. त्यांना परताव्याची खिडकी नाही, आणि माझ्या मते ती देऊही नये. नूडल्सचं वेष्टण मोजून त्याचे पैसे देणं कोणालाच परवडणार नाही. त्यांना बंदरातच अडवावं लागेल. ज्या कारकुनासमोर अनामत भरली जाते, त्याच्याच हातात तेही काम आहे.

दर आणि लांबची बेटं

5 सेंट भरा, 4 सेंट घ्या हा 2005 च्या सुमाराचा दर पुढे अनेक वर्षं तसाच राहिला. महागाईने त्यातली ओढ कमी होत गेली. ऑस्ट्रेलियातल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने 2008 मध्ये आपला परतावा 5 वरून 10 सेंट केला. तिथलीच न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड ही राज्यं अनुक्रमे 2017 आणि 2018 मध्ये या पद्धतीत आली तीच 10 सेंटांनी. प्रशांत महासागरातच पलाऊ या बेटदेशाने 2011 पासून 10 अमेरिकी सेंट अनामत घेऊन 5 सेंट परत देण्याची पद्धत चालवली आहे. उरलेला भाग केंद्र चालवायला आणि निधीला जातो. पलाऊची खिडकी सुस्थितीत आहे, पण अर्धी अनामत ग्राहकाच्या हाती परत न देणं मला पटत नाही. गरीब माणूस ज्यावर पैसे कमवतो तोच भाग तिथे कापला गेला.

किरिबासमधला सगळ्यात अवघड प्रश्न तारावाबाहेरच्या बेटांचा आहे. एखाद्या लांबच्या बेटावरचा माणूस कॅन विकत घेताना त्याच्या किमतीतून 5 सेंट भरतोच, कारण माल बंदरातून अनामत भरूनच आला. परताव्याची खिडकी मात्र बोटीच्या दिवसांवर आहे. किरिसमास (Kiritimati) बेट तर तारावापासून 3,000 किलोमीटरहून दूर. म्हणजे तो तारावातल्या स्वच्छतेला वर्गणी देतो आणि स्वतःच्या बेटावर कचरा ठेवतो. हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

या बेटांवरून तारावाला एक वस्तू नियमित येतेच: खोबरं. गोण्या भरून, तोलून, पैसे चुकते करून बोटीवर चढवायची व्यवस्था तिथे रुळलेली आहे. खोबरं तोलणाऱ्या माणसाकडेच कॅन आणि बाटल्यांचा परतावा द्यायचं काम सोपवावं. वेगळी इमारत नको, वेगळा नोकर नको. हाताने चालणारं एक छोटं दाबयंत्र आणि रोख रकमेची पेटी पुरे.

त्याला पैसा कुठून? अनामत 10 सेंट करावी, 8 परत द्याव्यात, एक खिडकी चालवणाऱ्याला आणि एक बोटीच्या भाड्याला. 24 च्या खोक्यावर 2 डॉलर 40 सेंट अनामत पडेल. त्यातले 1 डॉलर 92 सेंट रिकामे कॅन परत आणणाऱ्याला मिळतील आणि 24 सेंट गोणी तारावापर्यंत आणायला बाजूला राहतील. लांबच्या बेटावरच्या बाटलीलाही मग तारावातल्या बाटलीइतकाच भाव मिळेल.